थांब म्हणणाऱ्याचं तारण

कुडाळला आमची दोघांची ऑफिसं एकाच माडीवर होती. मधे प्लायवुडचं पार्टिशन, अलीकडे मी, पलीकडे ते. माडीवर येणाऱ्याला आधी ठेच लागायची ती कुणाच्या तरी सायकलला, मग पाण्याच्या पंपाला, मग मिक्सरला. नवखा माणूस परत खाली उतरून बोर्ड वाचून यायचा, आपण वकिलाकडे आलो की भंगारवाल्याकडे याची खात्री करायला. बोर्डावर त्यांचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, पण त्या नावानं त्यांना तालुक्यात कुणी ओळखत नसे. "तारणवाले वकील खंय बसतत?" असं विचारलं की कुठलाही रिक्षावाला आमच्या दारात आणून सोडायचा. मी त्यांना काका म्हणायचे.

ते सामान अशिलांचं होतं. त्याची गोष्ट अशी, की एखाद्याचं काम निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवायचं असेल तर कोर्टात मनाईचा अर्ज द्यावा लागतो. आम्ही वकील त्याला निशाणी पाच म्हणतो. दावा चालतो वर्षानुवर्षं, पण निशाणी पाचवर हुकूम मिळाला की समोरच्याचं घर, विहीर, वाट जे काय असेल ते जागच्या जागी थांबतं. दिवाणी वकिलाची अर्धी चूल या अर्जावर पेटते. काकांची मात्र त्यावर एक अट होती. ज्या गोष्टीपासून तू दुसऱ्याला अडवणार, तसलीच तुझी गोष्ट माझ्याकडे आणून ठेव. मग मी अर्ज लिहीन.

"निकाल लागासर कोण खरो तां देवाकच ठावक," ते अशिलाला सांगायचे. "उद्या तूच खोटो ठरलंस तर? तोवर तेणी सोसूचां आणि तू आरामात रवतलंस? काय ठेवतंस बोल."

शेजाऱ्याला आपल्या कंपाउंडमधून जाऊ द्यायचं नाही म्हणून एकजण आला, त्याची मोटरसायकल ठेवून घेतली. तो गृहस्थ आठवडाभर चिखलातून चालत बाजारात गेला आणि मग स्वतःहून शेजाऱ्याला वाट देऊन आला. दोन भावांचं सामाईक विहिरीवरून फाटलं, तर थोरल्याच्या पंपाची मोटार काकांच्या खुर्चीमागे येऊन बसली. थोरल्याची बायको दोन दिवस कळशीनं पाणी ओढून कंटाळली आणि तिसऱ्या दिवशी धाकट्या जावेकडे जाऊन चहा पिऊन आली. हद्दीवरच्या हापूसचे आंबे चुलतभावानं काढू नयेत म्हणून देवगडकडचा एक बागायतदार आला होता. त्याची आंबे उतरवायची जाळीची काठी काकांनी कोपऱ्यात उभी केली. हद्दीवरचे आंबे चुलतभावाला काढता येईनात आणि बागेतले याला. दोघंही वर बघत बसले, आणि शेवटी एकाच टेम्पोतून माल मुंबईला धाडला.

ज्यांना ही अट पटत नसे ते पार्टिशनच्या अलीकडे माझ्याकडे यायचे. सुरुवातीची माझी निम्मी वकिली काकांच्या विक्षिप्तपणावर चालली हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. काकांना त्याचा राग नव्हता. एखादा तणतणत उठला की ते स्वतःच पार्टिशनवर टकटक करून म्हणायचे, "गो चेडवा, एक येता हा तुझ्याकडे. तुझ्याकडे अट नाय म्हणान खूश आसा. फी जरा जास्त घे."

हे खूळ ऑफिसपुरतं असतं तर ठीक होतं. रस्त्यात कुणी "काका, थांबा जरा" म्हटलं की ते थांबायचे आणि हात पुढे करायचे. थांबवणाऱ्यानं त्या हातावर काहीतरी ठेवलंच पाहिजे. माहितगार लोक खिशात सुपारीचं खांड बाळगून असत. नुकतीच बदलून आलेली एक पोस्टमास्तरीण घाबरून हातातली छत्रीच देऊन बसली होती. घरीही तेच. काकी स्वयंपाकघरातून ओरडायची, "थांबा, पेज निवांदे." काका ताटावरून विचारायचे, "थांबा म्हणतंस, ठेवतंस काय?" काकी म्हणायची, "लगीन झाल्यापासून जीव ठेवलंय तुमच्याकडे, आणि काय व्हया?" त्यावर ते निमूट पेज निवू द्यायचे.

पेज हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा कायदा. वालावलला खाडीच्या अंगाला, पण उंचावर, त्यांचं एक शेत होतं. त्यात लाल भात व्हायचा आणि वर्षभर ते तेवढाच खायचे. लग्नकार्यात नुसतं वरण पिऊन उठायचे, कारण भात 'परको'. लावणीच्या दिवसात कोर्टात तारीख मागताना कारण म्हणून सरळ 'लावणी आहे' असं सांगायचे. घाटावरून आलेल्या एका न्यायाधीशांना ती लावणी म्हणजे फडावरची वाटली आणि या वयात हे काय, म्हणून ते बराच वेळ काकांकडे बघत राहिले. काकांनी त्यांना पुढच्या आठवड्यात शेतावर बोलावून गुडघाभर चिखलात उभं केलं होतं. काळा कोट फिकुटलेला, पायात रबरी चपला, हातात तरव्याची म्हणजे भाताच्या रोपांची जुडी, अशा अवस्थेत मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. कोट कशाला, विचारलं तर म्हणायचे की खिसा याच कपड्याला धड आहे.

आणि अशा माणसाला सरकारनं आपला वकील नेमलं.

आम्ही बार रूममध्ये हसून हसून बेजार झालो. जगात एकच अशील असा आहे, ज्याच्याकडून तारण मागायची सोय नाही, आणि नेमका तोच यांच्या वाट्याला आला. अपिलात सरकारकडून जामीन मागू नये असं कायद्यात स्पष्टच लिहिलेलं आहे, आणि मनाईच्या अर्जातही सरकारला तारण द्यायला सहसा कुणी सांगत नाही. बाकी कुणी मनाई मागितली तर कोर्ट त्याला नुकसानभरपाईची हमी द्यायला सांगू शकतं. सरकारला नाही, कारण सरकार काही रातोरात गाशा गुंडाळून पळून जात नाही. खजिना आहे तिथेच असतो.

मी काकांना डिवचलं. ते शांतपणे म्हणाले, "सरकार पळान जावचां नाय, ह्यां खरां. पण बाये, सरकार गावाचां पण नाय."

तरी काम त्यांनी चोख केलं. शाळेच्या जमिनी, रस्त्यावरची अतिक्रमणं, सगळं मन लावून चालवलं. मनाईचा अर्ज करायची वेळ आली नव्हती एवढंच. ती वेळ एका एप्रिलमध्ये आली, आणि समोरच्या बाजूला वकील मी होते.

माझी अशील फिलूबाय. खाडीपलीकडच्या ख्रिश्चन वाडीतली, नवरा गोव्यात हॉटेलात होता तो तिथेच वारला, मुलगी लग्न होऊन गेलेली. खाडीला लागून तिचं एक खाजणाचं शेत. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. हा बांध दर वर्षी पावसाआधी चिखल आणि चिरे घालून नीट करावा लागतो. एक वर्ष जरी चुकलं आणि भरतीचं पाणी आत शिरलं, तर पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उभी राहत नाही. फिलूबायचं वर्ष त्या भातावर निघायचं. बाकी दोन गायी, चार माड आणि रविवारची चर्चमधली मिस्सा.

एका खात्याचं म्हणणं पडलं की बांध सरकारी कांदळवनात येतो, सबब फिलूबायनं त्याला हात लावू नये. मोजणी झालेली नव्हती. मोजणी होईपर्यंत तिला थांबवा, असा अर्ज करायचा होता. खात्याचा अधिकारी फाईल घेऊन काकांकडे आला. पार्टिशन प्लायवुडचं असल्यानं मला सगळं ऐकू येत होतं. ऐकायचं नव्हतं असं नाही.

"साहेब, तुम्ही काय ठेवता?" काकांनी विचारलं. सरकारी ऑफिसच्या माणसांशी ते नेहमी छापील मराठी बोलायचे.

"सरकारला तारण लागत नाही," अधिकारी म्हणाला.

"कायद्याने लागत नाही. मी तुम्हाला विचारतोय. त्या बाईला पावसाआधी बांध घालू द्यायचा नाही म्हणता, तर तुम्ही पावसाआधी तुमच्या बंगल्यावरची कौलं परतू नका. दोघांनाही सारखाच पाऊस लागेल."

अधिकारी हसला. त्याला तो विनोद वाटला. काका हसले नाहीत, पण अर्ज मात्र त्यांनी लिहिला. अशिलाचं काम घेतलंय तर करायचं, हेही त्यांच्यात तितकंच पक्कं होतं. मला त्यांचा त्या दिवशी भयंकर राग आला होता.

कोर्टात मी घसा कोरडा करून सांगितलं की खारं पाणी शिरलं तर हे नुकसान भरून यायचं नाही, मनाई द्यायचीच तर सरकारकडून हमी तरी घ्या. न्यायाधीशांनी काकांकडे पाहिलं. काका उभे राहिले. "सरकारला त्यातून सूट आहे," ते म्हणाले. एवढंच, आणि खाली बसले. 'जैसे थे' असा हुकूम झाला. बांध आहे तसाच राहील, कुणी हात लावायचा नाही.

बाहेर फिलूबाय काजूच्या सावलीत उभी होती. मी तिला हुकूम समजावून सांगत होते, तेवढ्यात काका जिना उतरून आले.

"जैसे थे म्हणान हुकूम झालो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पण खाडयेक तो कोण बजावतलो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारी वकिलीचा राजीनामा दिला. फायली नव्या माणसाला सोपवल्या आणि पार्टिशनवर टकटक केली. "आता मी कोणाचो वकील नाय. तुझ्या अशिलाक सांग, माझां वालावलचां शेत तिच्याकडे तारण. मनाई उठासर तिणी कसूचां."

मी म्हटलं, काका, हे भलतंच. तुम्ही कोण तारण ठेवणारे? खातं ठेवत नाही, कोर्ट मागत नाही.

"कोणी तरी ठेवूक व्हया," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथे संपला.

काकीच्या दृष्टीनं तो तिथे सुरू झाला. मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ती ओसरीवर फणसाचे गरे काढत बसली होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "माझ्या तोंडचो भात कोणाक इचारून ठेवलात? घोवान तारण ठेवताना बायलेक इचारूचां नाय, ह्यां खंयच्या कायद्यात आसा, सांगा." काकीनं मग आपल्यापुरता तोडगा काढला. घरातला जुना भात संपल्यावर स्वतःसाठी माहेरचा मागवला आणि नवऱ्याला बाजारातला शिजवून घातला. दोन वेगळे कुकर लागायचे त्या घरात. शेत फिलूबायला द्यायला मात्र तिनं एकदाही नाही म्हटलं नाही.

नाही म्हटलं ते फिलूबायनं. "दुसऱ्याच्या शेताक हात कित्याक लावू? माझो बांध धरतलो. चर्चातल्या सायबिणीक मेणबत्ती लायलंय," ती म्हणाली.

बांध आषाढापर्यंत धरला. अमावास्येची मोठी भरती आणि वरून पाऊस एकत्र आले तेव्हा मधोमध खचला. मी गेले तेव्हा ती बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर उभी होती. आतला कोवळा तरवा पाण्याखाली, पुढच्या चार दिवसांत तो पिवळा पडून जागेवर कुजला. चिऱ्यांची रास बाजूलाच होती, हुकूम व्हायच्या आधी आणून ठेवलेली. ती रडली नाही. मी रडले, आणि वकिलानं अशिलासमोर रडू नये हे मला पक्कं ठाऊक होतं.

परतताना तिला घेऊन मी वालावलला गेले. काकांच्या शेतात तरवा हातभर वाढलेला आणि लावणीचा पत्ता नाही. बाकी सगळ्यांची शेतं हिरवी झालेली. काका शेताच्या कडेला मेरेवर कोट घालून बसलेले.

"वकिलानू, लावणी खंय?" फिलूबायनं विचारलं.

"तरवो तेवढो पेरून ठेवलंय. शेत तुझ्याकडे तारण आसा. मी कसा लावू? तू घेतलंस नाय तर पड रवात."

फिलूबायनं त्या तरव्याकडे पाहिलं. शेतकरी बाईला सगळं सोसतं, वेळ टळत चाललेला तरवा बघवत नाही. तिनं लुगडं खोचलं आणि वाफ्यात उतरली. मलाही उतरावं लागलं. माझ्या ओळी वाकड्या आल्या म्हणून दोघांनीही मला बोल लावले.

त्या वर्षीचं पीक तिच्या घरी गेलं. तिनं एकदा पेजेचा डबा घेऊन माडी चढून काकांपुढे ठेवला, आणि सांगितलं की बाजारच्या तांदळाची आहे. काकांनी झाकण काढलं, वास घेतला. मग झाकण लावून डबा तिच्याकडे सरकवला. "तारणातलां पीक ज्येच्याकडे तारण तेचां," म्हणाले.

मोजणी झाली ती पुढच्या पावसाळ्यानंतर. बांध फिलूबायच्या सासऱ्याच्या सर्व्हे नंबरात निघाला, कांदळवन पलीकडे. सरकारच्या नव्या वकिलानं दावा मागे घेतला. मी भरपाईचं बोलले, तर कोर्ट म्हणालं की त्यासाठी वेगळी कारवाई करा. फिलूबाय म्हणाली, "परत कोर्टात? नको गो." अधिकारी तोवर बदलून गेला होता. त्याच्या जागी जो आला तो भला माणूस होता, त्यानं चहा पाजला आणि 'बघतो' म्हणाला. चिडावं तर चिडायला समोर कुणी सापडेना.

मला वाटलं, आता काका शेत परत घेतील. ते मला बरोबर घेऊन होडीनं फिलूबायच्या घरी गेले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "मनाई खोटी ठरली. तारण जप्त झालां. शेत तुझां."

"तुमी काय सरकार?" फिलूबाय भडकली.

"त्या दिवशी कोर्टात तुका थांबवक कोण उभो होतो? सरकाराचां तोंड तुवां बघितलंस? माझांच बघितलंस मां?"

फिलूबाय ऐकेना. दोघंही शेत एकमेकांच्या अंगावर ढकलत होती, आणि मी दोघांच्या मधे कोकम सरबत पीत बसले होते. शेवटी तिच्या शेतातलं मीठ उतरेपर्यंत तिनं काकांचं शेत कसायचं, पुढे एक दिवसही नाही, यावर तोड निघाली. मीठ उतरलं की नाही ते चांगला पाऊस झाल्यावर पाणी चाखून ठरवायचं. तिकडे सगळे तसंच ठरवतात.

काका आज नाहीत. काकी माहेरी भावाकडे असते. पार्टिशन काढून मी दोन्ही ऑफिसं एक केली, आणि तरी अधूनमधून भिंत नसलेल्या जागेकडे कान लागतो. त्यांची आठवण काढून लोक मोटरसायकलीचा आणि सुपारीचा किस्सा सांगतात, हसतात. मीही हसते. पण ते मला सगळ्यात जास्त आवडले तो दिवस फिलूबायच्या शेतातला आहे, आणि तो मी फारसा कुणाला सांगितलेला नाही.

मृग बरा कोसळून गेला होता. नवा बांध घट्ट बसलेला, आत घोटाभर पाणी. फिलूबायनं आम्हां दोघांना बोलावून घेतलं होतं. ती आत उतरली, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि गिळूनच टाकलं. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"गोडां," ती म्हणाली. "वकिलानू, सुटलांव. तुमचां शेत तुमका."

काका छत्री माझ्याकडे देऊन खाली उतरले. गुडघे धरत वाकले, बोट बुडवलं, जिभेला लावलं. निकाल वाचावा तसा वेळ घेतला.

"खारां आसा," ते म्हणाले.

"काय सांगतात? वयान तुमच्या तोंडाची चव गेली."

"माझी गेली तर हिका इचार. तुझीच वकील मां ती?"

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी उतरले आणि बोट चाखलं. पाणी विहिरीच्या पाण्यासारखं गोडं होतं. माझ्या अशिलाचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिला खरं ठरवलं तर त्या दोन-तीन वर्षांची तिला मिळालेली एकमेव भरपाई तिथल्या तिथे संपत होती. आणि काका माझ्याकडे बघत होते, कोर्टात कधी बघितलं नव्हतं तसे.

"खारं आहे," मी म्हणाले.

फिलूबायनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एका माळेचे मणी," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. मग ती कमरेवर हात ठेवून काकांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी तुमचां शेत तुमका देवक इलंय आणि तुमी माका थांबवतात. खरां मां?"

"खरां."

"मगे काय ठेवतात?"

काकांनी कोटाचे खिसे चाचपले. सुपारीचं खांडसुद्धा निघालं नाही.

"तर आयका," ती म्हणाली. "माझ्या शेताचां पाणी गोडां आसा असां तुमी कबूल करासर, तोवर तुमच्या शेतातलो भात तुमी आणि काकींनी खावचो. मी धाडतलंय. परत धाडलात तर शेत त्या दिवशीच तुमच्या दारात."

काका पाण्यात उभे होते, छत्री माझ्या हातात, पाऊस त्यांच्या टकलावर पडत होता. "कबूल," ते म्हणाले.